अकरा जणांच्या मापाची

टेनिस क्रिकेटमध्ये बाद झालेला माणूस आधी बॅटकडे बघतो. मधला स्टंप उडून पेंढ्याच्या उडवीपाशी पडलेला असतो, कीपर नाचत असतो, लाऊडस्पीकरवरचा समालोचक घसा फोडून 'दांडी गुल!' म्हणत असतो, आणि हा गृहस्थ बॅट उलटी करून तिच्या पाठीवर काही खुलासा छापलाय का ते वाचत उभा असतो. मग परत येताना मूठ दाबून पाहतो, पात्याच्या कडेवरून बोट फिरवतो आणि मांडवात शिरता शिरता म्हणतो, "जड पडली रे बॅट." तीच बॅट घेऊन पुढचा जातो. दोन चेंडूंत परत. "छ्या! फारच हलकी. चेंडू बसतच नाय." एका षटकाच्या आत एकाच लाकडाचं वजन असं कमीजास्त होताना आमच्या दासगावात शेंबड्या पोरांनीही पाहिलंय. वस्तुमान स्थिर असतं असं विज्ञानाच्या पुस्तकात ज्याने लिहिलं, तो मधल्या फळीत खेळत नसावा.

मी ह्या विषयातला जुना जाणकार. हँडल आखूड, हँडल लांब, ग्रिप घसरली, ग्रिप चिकटली, पातं खाली जाड, पातं वर जाड, अशी सगळी कारणं माझी देऊन झालेली आहेत. एकदा बॅटला नाव ठेवायला काहीच उरलं नाही, तेव्हा मी "दवाने फुगली" असं सांगितलं होतं. सामना दुपारी दोनचा होता.

हल्ली मी चाळीस प्लसमध्ये खेळतो. ज्यांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दिवाळीनंतर भात झोडून झालं की आमच्याकडची खाचरं क्रिकेटसाठी मोकळी होतात. बांधाला सीमारेषा म्हणायचं, मधल्या पट्ट्यावर पाणी मारून रोलर फिरवायचा, मांडव घालायचा, आणि कुणाच्या ना कुणाच्या नावाचा चषक भरवायचा, तो थेट मृग लागेपर्यंत. त्यातच चाळिशी उलटलेल्यांचे सामने वेगळे असतात. प्रवेशाला आधार कार्ड लागतं. एरवी लग्नाकार्यात वय विचारलं की विषय बदलणारी माणसं इथे चाळीस पूर्ण झाल्याचा पुरावा हातात घेऊन रांगेत उभी असतात, आणि एखाद्याला दोन महिने कमी पडले तर तो रडकुंडीला येतो.

तर अशा ह्या आयुष्यात मे महिन्यात चेंबूरचा दादा आला. दादा माझा थोरला चुलतभाऊ. मुंबईत मोठ्या कंपनीत आहे आणि साहेब लोकांच्या नादाने गोल्फ खेळायला लागला आहे. चेंबूरला १९२७ पासून बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे हे वाक्य तो ज्या सुरात म्हणतो, त्यावरून ऐकणाऱ्याला वाटावं की पायाभरणीला हा हजर होता. दासगावात १९२७ म्हटलं की वेगळं काही आठवतं. त्या वर्षी डिसेंबरात बाबासाहेब आगबोटीने हरिहरेश्वरपर्यंत आले, तिथून दासगाव बंदराला आले आणि जमलेल्या लोकांबरोबर पायी महाडला गेले. ते आठवण्याचं वर्ष आहे. दादाच्या क्लबाचं आम्ही आपलं ऐकून घेतो.

दादा वीर स्टेशनला उतरला तो एक उंच, जाडजूड पिशवी घेऊन. रिक्षावाल्याने विचारलं, "भजनी मंडळाचं सामान काय?" घरी आल्यावर काकूने पिशवीत डोकावून पाहिलं.

"अरे, एवढ्या काठ्या कशाला? साप निघाला कुठे?"

"काकू, हे गोल्फचे क्लब. चौदा आहेत. चौदाच्या वर नेता येत नाहीत, नियम आहे."

"चौदांत भागतं का पण?" काकूने काळजीने विचारलं.

मग ओटीवर बसून दादाने आम्हाला जे सांगितलं त्याने माझी झोप उडाली. हे क्लब त्याने दुकानातून उचलून आणलेले नव्हते. मापाचे करून घेतले होते. त्यासाठी एक माणूस असतो. तो आधी तुमची उंची घेतो, मग सरळ उभं करून मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजतो. म्हणजे बुटका पण लांब हातांचा माणूस असेल, तर त्याला फार लांब दांडी मिळू नये. मग पंजा मोजतो, त्यावरून मुठीची जाडी ठरते. मग क्लबाच्या तळाला चिकटपट्टी लावून चेंडू मारायला लावतो आणि पट्टीवरचा ओरखडा बघतो. ओरखडा एका टोकाला आला तर क्लबाचा कोन चुकलाय; तळ जमिनीवर सपाट टेकत नाही, आणि त्यामुळे चेंडू डावीकडे किंवा उजवीकडे जातो. शेवटी एका यंत्रासमोर उभं करतात. ते तुमच्या फटक्याचा वेग सांगतं आणि त्यावरून दांडी किती लवचिक हवी ते ठरतं. जोरात मारणाऱ्याला ताठ दांडी, हळू मारणाऱ्याला लवणारी.

"मला कुठली दिली माहितीये?" दादाने दांडीवरचं अक्षर दाखवलं. "ए!"

आम्ही सगळे भारावलो. ए म्हणजे पहिली श्रेणी. रात्री पुतण्याने मोबाइलवर शोधून मला हळूच दाखवलं. ती खूण वयस्करांच्या दांडीवर असते. हे मी दादाला सांगितलं नाही. पाहुणा माणूस.

पण त्या क्षणी माझ्या डोक्यात जो प्रकाश पडला तो असा, की चेंडू डावीकडे गेला तर त्यात माणसाचा दोष नसतो. कोन चुकलेला असतो! आयुष्यभर मी जे मांडवात शिरताना तोंडी सांगत आलो, ते जगात कुणीतरी यंत्र लावून, पैसे घेऊन सिद्ध करतंय. माझे सगळे फटके स्लिपकडे का जातात ह्याचं उत्तर हे होतं. मी मंडळाच्या बॅटने खेळत आलो होतो, आणि मंडळाची बॅट कुणाच्याच मापाची नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादाने खाचरात प्रात्यक्षिक केलं. खरं तर हे दासगावात दोनअडीचशे वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं. अठराव्या शतकात बाणकोटपाठोपाठ दासगावही इंग्रजांकडे गेलं होतं. कंपनी सरकारातला जेम्स फोर्ब्स १७७० च्या सुमारास इथे हवापालटाला राहून गेला, आसपासच्या गरम पाण्याच्या कुंडांबद्दल लिहून गेला. ह्याच लोकांनी पुढे १८२९ साली कलकत्त्याला गोल्फ क्लब काढला. दासगावला मात्र त्यांनी एक भोकही पाडलं नाही. त्यामुळे दादाने जेव्हा कापलेल्या भाताच्या धसांमध्ये चेंडू ठेवायची टी रोवली, तेव्हा बांधावर जमलेल्या पब्लिकला काय बघायचं आहे ह्याची कल्पना नव्हती.

दादा बराच वेळ चेंडूकडे बघत उभा राहिला. कंबर हलवली. पुन्हा बघितलं. पुन्हा हलवली.

"याला उसण भरली काय?" मागून कोणीतरी विचारलं.

पहिल्या फटक्यात मातीचं ढेकूळ सुंदर उडालं. दुसऱ्यात चेंडू धस चुकवत सरपटत बांधापर्यंत गेला आणि तिथल्या म्हशीने मान वळवून त्याची नोंद घेतली. तिसरा मात्र कडाड आवाज करून उठला, आंब्याच्या शेंड्यावरून गेला आणि सावित्रीच्या खाडीत पडला. टाळ्या झाल्या. खाडीला ओहोटी होती. पोरं चिखलात उतरली आणि तासाभराने चेंडू घेऊन आली, विकत. तोवर दादा समजावत होता की ह्या जमिनीला उतार आहे, आणि क्लबाचा कोन सपाट जमिनीसाठी मोजलेला आहे. मला ते मनापासून पटलं. एवढे पैसे खर्चून माप घेतल्यावर दोष द्यायला निदान जमीन तरी शिल्लक राहते. माझ्याकडे जमीन होती, मापाची बॅट नव्हती.

दादा मुंबईला गेला. एक क्लब इथेच राहिला. काकूला तो कोकमं खाली ओढायला बरा वाटला.

मी मात्र विचारात पडलो. ऑर्डरची बॅट करून मिळते हे मला ठाऊक होतं. काश्मिरात संगमजवळ श्रीनगरच्या हमरस्त्याला बॅटांचे कारखानेच कारखाने आहेत, मेरठला आहेत. टेनिसची बॅट तर हल्ली हवी तशी देतात: पाठीत स्कूप किती खोल, हँडल गोल की लांबट, फुगवटा खाली की मधोमध, वजन नऊशे ग्रॅम की हजार. वर आपल्या नावाचं स्टिकर. पण रक्कम अशी, की तेवढ्यात पडवीची कौलं बदलून झाली असती, आणि कौलांचा विषय घरात आधीपासून चालू होता.

म्हणून मी आधी शास्त्रोक्त अभ्यास केला. मापाच्या बाजूने सगळ्यात जोरदार पुरावा मिळाला तो १७७१ सालचा. इंग्लंडात थॉमस व्हाइट नावाचा एक खेळाडू हॅम्बल्डनच्या संघाविरुद्ध स्टंपांच्या रुंदीएवढी बॅट घेऊन उतरला. ह्याला म्हणतात माप! माणसाचं कशाला घ्यायचं, स्टंपांचं घ्या. समोरच्यांनी आरडाओरडा केला आणि बॅटची रुंदी सव्वाचार इंचांहून जास्त नको असा नियम झाला, तो आजतागायत आहे. चांगल्या कल्पनेचं जगात असंच होतं. मग डेनिस लिली. त्याने १९७९ साली पर्थच्या कसोटीत चक्क ॲल्युमिनियमची बॅट आणली. चेंडूला इजा होते म्हणून इंग्लंडच्या कप्तानाने तक्रार केली, आणि लिलीने ती बॅट रागाने मैदानात भिरकावली. ही बॅट त्याच्या मापाची होती की नाही कळत नाही, पण भिरकावली लांब.

विरुद्ध बाजूचे पुरावे मी घरात बोलायला नको होते, पण एका रात्री जेवताना आफ्रिदीची गोष्ट तोंडातून गेली. १९९६ साली नैरोबीला पोरसवदा शाहिद आफ्रिदीने श्रीलंकेविरुद्ध ३७ चेंडूंत शतक ठोकलं. पुढे सतरा वर्षं तो विक्रम कुणाला मोडता आला नाही. ती बॅट त्याची नव्हतीच. सचिनची होती! सचिनने आपली आवडती बॅट वकार युनूसकडे दिली होती, सियालकोटहून हुबेहूब तशीच दुसरी घडवून आणायला. वकारने ती वाटेतच ह्या पोराच्या हातात दिली, असं आफ्रिदीने स्वतः लिहून ठेवलंय.

"म्हणजे मापाची बॅट सचिनची, आणि शतक दुसऱ्याचं?" सौ.ने विचारलं.

"हो."

"मग तुम्ही पण मागून आणा की कुणाची तरी."

मी घाईघाईने ब्रॅडमनवर गेलो, तर ते आणखी वाईट निघालं. तो लहानपणी घरामागे पाण्याच्या टाकीच्या विटांवर गोल्फचा चेंडू मारायचा आणि उलटून आलेला चेंडू स्टंपाने परतवायचा. बॅटसुद्धा नाही. स्टंप! आणि गोल्फवाल्यांचं म्हणाल, तर १९७१ साली ॲलन शेपर्ड चंद्रावर गोल्फ खेळला तो माती गोळा करायच्या अवजाराच्या दांड्याला क्लबाचं डोकं जोडून, आणि अवकाशपोशाख इतका ताठ की एका हाताने. तरी चेंडू मैलोगणती गेला म्हणाला. त्याचं मनगटापासून चंद्राच्या जमिनीपर्यंतचं अंतर कुणी मोजलं नव्हतं.

"हे सगळे लोक उपजत मोठे होते," मी म्हटलं. "मापाची गरज सामान्य माणसाला असते."

ह्या वाक्यावर मी खूश होतो. सौ. काही बोलली नाही. ती शिवणाच्या डब्यातून टेप घेऊन आली. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो, हात सरळ सोडले, आणि तिने मनगटापासून जमिनीपर्यंतचं माप घेतलं.

"तीस."

"इंच ना?"

"नाही, फूट. हलू नका. टेप आहेच बाहेर तर कंबरेचंही घेऊन टाकू का? पॅन्टी सैल करायच्या राहिल्यात."

हे सगळे आकडे कागदावर लिहून मी महाडला एका खेळाच्या दुकानात गेलो. दुकानदार कॅरमला पावडर लावत होता. त्याने कागद वाचला, मला आपादमस्तक पाहिलं, भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं, पुन्हा मला पाहिलं.

"हॅरो," तो म्हणाला.

"काय हॅरो?"

"तुमचं माप. पाच फूट तीन म्हणजे हॅरो."

"हे कोण घेतं?"

"आठवी-नववीची पोरं."

त्याने एक हॅरो माझ्या हातात दिली. मी उभा राहिलो, टेकवली, उचलली, एक काल्पनिक फटका मारला. खरं सांगायचं तर इतकी सुंदर बॅट मी आयुष्यात धरली नव्हती. हँडल पोटात घुसत नव्हतं, पातं वेळेवर खाली येत होतं. पण शेजारी आठवीतला एक मुलगा आईबरोबर आला होता, आणि त्याच्या हातातही तीच होती. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मी बॅट परत ठेवली आणि मोठ्या माणसाच्या लांबीची, पण आतून हॅरोसारखी वागणारी बॅट करून मिळेल का, असं हळू आवाजात विचारलं. ऑर्डर द्यावी लागेल म्हणाला. वीस दिवस. मी विचार करून सांगतो म्हटलं आणि बाहेर पडलो.

दुकानात आमचा विकेटकीपर ग्लोव्हज बघत होता, हे माझ्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी हायवेवरच्या टपरीवर मी चहाला गेलो तर सगळा संघ माझी वाट बघत बसला होता. दासगाव खिंडीपासून टोळापर्यंत बातमी गेली होती. कप्तान भावुक झाला होता.

"भाऊ, तू संघासाठी ऑर्डरची बॅट आणतोयस म्हणे."

"संघासाठी म्हणजे..."

"एकट्याने कशाला भार उचलतोस? आपण काय मेलोय काय? दोन-दोनशे काढू सगळे."

इथे माझ्या हातून बॅट गेली. दोनशे रुपये दिले की माणूस मालक होतो, आणि मालक झाला की त्याला माप असतं. आमचा सलामीवीर सहा फुटी आहे. तो म्हणाला लाँग हँडल पाहिजे, नाहीतर माझी पाठ जाते. कीपर पेपर मिलमध्ये कामाला होता. त्याच्या पंज्यात माझे दोन्ही हात मावतात. त्याला तीन ग्रिप एकावर एक हव्या. आमचा एकमेव डावखुरा म्हणाला, डाव्यांची सोय बघा. बॅटला डावंउजवं नसतं असं मी सांगितलं, तर तो म्हणाला की आयुष्यभर लोक त्याला हेच सांगत आलेत. फिरकीवाल्याला फुगवटा खाली हवा होता कारण त्याला चेंडू पायाशीच येतो. एकाला बॅट जड हवी होती, सचिन जड वापरायचा म्हणून. एकाला हलकी हवी होती, डॉक्टरांनी वजन उचलू नको सांगितलंय म्हणून. अकरावा आमचा कधी फलंदाजीला जातच नाही, पण त्यानेही दोनशे दिले होते. त्याने स्टिकर हिरवं पाहिजे एवढीच अट घातली. बाकी माणूस समंजस.

हा गुंता सोडवला तो आमच्या हिशेबनीसाने. तो पतसंस्थेत असतो. त्याने सिगारेटच्या पाकिटाच्या मागे अकरा जणांच्या उंच्या लिहिल्या, बेरीज केली, अकराने भागलं.

"पाच फूट साडेसहा इंच," त्याने जाहीर केलं. "हे आपलं माप."

सगळ्यांना ते न्याय्य वाटलं. वजनाचंही तसंच काढलं, पंज्यांचंही. चहा झाला, ऑर्डर गेली. घरी येताना माझ्या ध्यानात आलं की पाच फूट साडेसहा इंच उंचीचा माणूस आमच्या संघात एकही नाही. आमच्यात एक तर कवठाला हात पोचणारे आहेत, नाहीतर माझ्यासारखे. ह्या उंचीचा माणूस दासगावात कुठे आहे का हे पाहत मी बाजारातून फिरलो. एक पोस्टात होता, पण तो कॅरम खेळतो.

दादाला फोन करून सांगितलं तर तो हादरलाच. "अरे, एकच बॅट सगळे वापरणार? गोल्फमध्ये खेळताना दुसऱ्याचा क्लब घेतला तर दंड बसतो!"

"आमच्याकडे नाही दिला तर बसतो," मी म्हटलं.

बॅट आली. हिरवं स्टिकर, त्यावर मंडळाचं नाव, खाली बारीक अक्षरात वर्गणीदारांची अकरा नावं. ती मावावीत म्हणून कारागिराने स्टिकर इतकं लांब केलं होतं की चेंडू पात्यावर कुठेही लागला तरी कुणा ना कुणाच्या नावावर लागणार होता. पहिल्याच दिवशी सरावात चेंडू माझ्या आडनावावर बसला आणि आडनाव अर्धं गेलं. नवीन बॅटचा वास, मूठ, तोल, सगळं उत्तम होतं. फक्त ती कुणाच्याच हातात बसत नव्हती. सहा फुटी सलामीवीर तिच्यावर वाकून उभा राहिला की काहीतरी हरवलेलं शोधतोय असं वाटायचं. माझ्या हातात ती आली की हँडलचं टोक बरगडीला लागायचं.

पोलादपूरच्या बाजूला चाळीस प्लसचे सामने होते. यूट्यूबवर थेट प्रक्षेपण, मालिकावीराला बोकड. बोकड मांडवाच्या खांबाला बांधून ठेवला होता आणि समालोचक अधूनमधून त्याचीही मुलाखत घेत होता.

आमची अडचण सहाव्या षटकात उघडी पडली. मी आणि सलामीवीर खेळत होतो. नवी बॅट त्याच्याकडे, मंडळाची जुनी, सोललेली, माझ्याकडे. त्याने एक धाव काढली. आता चेंडू मला खेळायचा, आणि बॅट तिकडे. नियमाप्रमाणे दोघांकडे बॅट होती, पण दोनशे रुपये मी दिले होते, वरची सगळी भर मी घातली होती.

"बॅट!" मी ओरडलो. त्याने ती आणून दिली, जुनी घेऊन गेला. मी एक धाव काढली. आता तो ओरडला, "बॅट!" पंच वैतागला. म्हणाला, एवढा वेळ घालवाल तर षटक कापीन. तेव्हा सलामीवीराने तोडगा काढला. म्हणाला, धाव काढताना आपण मधे भेटतोच, तिथेच बदलू. कल्पना बिनतोड होती. पुढचा चेंडू त्याने लेगला ढकलला, आम्ही धावलो, पीचच्या मधोमध भेटलो, त्याने नवी पुढे केली, मी जुनी पुढे केली, आणि दोघांनीही नवीच धरली. क्षणभर आम्ही तिथे उभे होतो. त्याचं म्हणणं होतं, दुसरी धाव आहे, थांब. माझं म्हणणं होतं, दुसरी धाव नाही, सोड. जुनी बॅट दोघांच्या मधे जमिनीवर पडली होती. तेवढ्यात समालोचकाचा आवाज आला, "दासगावचे दोन्ही फलंदाज खेळपट्टीवर चर्चा करताना... आणि दोन्ही टोकांच्या दांड्या गुल! प्रेक्षकहो, कोण बाद ते पंच सांगतील!"

पंचांनी मला बाद दिलं. मांडवात शिरताना मी काय बोलावं ह्यासाठी सगळे थांबले होते. मला काही सुचेना. माझ्या हातात बॅटच नव्हती.

आम्ही पहिल्याच फेरीत गारद झालो आणि मटकीची उसळ खात बसलो असताना पोलादपूरकडचा एक माणूस आला. शांत, टक्कल पडलेला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"भाऊ, आमची बॅट हँडलात हलते. तुमची मिळेल एक मॅच?"

कप्तानाने माझ्याकडे पाहिलं. माझं लक्ष त्या माणसाकडे होतं. गेले काही आठवडे मी येणाऱ्याजाणाऱ्याची उंची डोळ्यांनी मोजत होतो, नजर बसली होती. पाच फूट साडेसहा. इंचाचाही फरक नाही. त्याने बॅट उचलली, टेकवली, उभा राहिला. हँडल बरोबर मांडीला टेकलं, कोपर बरोबर वळलं. त्याने ती एकदा हवेत फिरवली आणि कौतुकाने स्टिकरवरची अकरा नावं वाचली.

"झकास आहे," तो म्हणाला. "कुणाच्या मापाची?"

कुणीच उत्तर दिलं नाही.

पुढचा अर्धा तास आम्ही आमची बॅट पाहत होतो. पहिला षटकार मांडवावर, दुसरा रस्त्यापलीकडच्या शाकारलेल्या गोठ्यावर, तिसरा कुणाला सापडला नाही. समालोचक बेभान झाला होता. "पोलादपूरचा हात आणि दासगावची बॅट!" आमच्या संघाला एवढ्या टाळ्या आम्ही खेळत असताना कधी पडल्या नव्हत्या. सलामीवीराच्या डोळ्यांत पाणी आलं. डावखुरा म्हणाला, "बघ, उजव्यांसाठीच केलीय." संध्याकाळी तो गृहस्थ मालिकावीर झाला, बोकड घेऊन गेला, आणि पुढच्या रविवारी दुसरीकडे फायनल आहे म्हणून बॅटही घेऊन गेला. नाही म्हणायची सोय नव्हती. तो जाताना बोकडाने मात्र आमच्याकडे मान वळवून पाहिलं.

मंगळवारी सकाळी एक पोरगा मोटरसायकलवरून दारात आला. त्याने स्टीलचा डबा ओटीवर ठेवला. मटण होतं, किलोभर तरी.

"काकांनी दिलंय. तुमच्या बॅटचा वाटा म्हणून."

सौ.ने डबा आत नेला आणि आतूनच म्हणाली की बॅट घेतली ते काही वाईट झालं नाही. मी पोराला पाणी दिलं आणि बॅट कधी मिळेल ते विचारलं.

"फायनल झाली की देतो म्हणालेत," तो गाडीला किक मारत म्हणाला. "आणि काका, तेवढी ग्रिप बदलून घ्यायला सांगितलीय तुम्हाला. त्यांना जरा जाड लागते."